गच्ची पांढरी केल्याने घर थंड होतं, पण जग?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत: शहरांतल्या डांबर-काँक्रीटमुळेच जग तापतंय का, आणि सगळ्यांनी गच्च्या पांढऱ्या केल्या तर ते थांबेल का? दोन्हींना माझं उत्तर 'नाही'. तरीही गच्ची जरूर रंगवा.

मे महिन्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊन पडतं. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नव्वदएक किलोवॅट! जुना, काळवंडलेला स्लॅब त्यातलं पाऊण हिस्सा तरी शोषतो, ताजा पांढरा थर पाचवा हिस्सा. शोषलेली उष्णता स्लॅब रात्रभर खाली सोडत राहतो. शहराचंही तसंच. त्यात माती आणि झाडं कमी, म्हणजे बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही गेला. आसपासच्या गावांपेक्षा शहराची रात्र गरम असते हे हवामानाचा अभ्यासक ल्यूक हॉवर्डने लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं.

पत्र्याची गंमत निराळी. कोरा पत्रा चकाकतो, ऊन बऱ्यापैकी परतवतो, तरी हात लावू देत नाही. कारण चकचकीत धातू तापल्यावर ती उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्यात फार कंजूष असतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. त्यामुळे खरा फायदा पत्र्याच्या घरांना आणि वरच्या मजल्याला; चौथ्या मजल्याची गच्ची रंगवून पहिल्या मजल्यावरच्याला काही कळणार नाही. 2010 च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं रंगवायला घेतली, ती यासाठीच. तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं.

आता जगाचं. शहरांनी व्यापलेली जमीन एकूण जमिनीच्या तीन टक्क्यांच्या आतच. त्यामुळे शहराचा ताप शहरालाच जाळतो. जागतिक सरासरी वाढते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनसारख्या वायूंमुळे. संशोधक हाशेम अकबरी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हिशेब मांडला की 100 चौरस मीटर गडद छप्पर पांढरं केलं तर साधारण 10 टन कार्बन डायऑक्साइडमुळे वाढणाऱ्या तापाची भरपाई होते. हा आकडा व्हॉट्सॲपवर 'दरवर्षी' लावून फिरतो. ती भरपाई एकदाच होते, दरवर्षी नाही. स्टॅनफर्डच्या मार्क जेकबसन यांच्या मॉडेलमध्ये तर जागतिक परिणाम किंचित उलटाही निघाला (ढग कमी होतात, परतलेला प्रकाश हवेतली काजळी शोषते). यावर वाद आहे, पण दोन्हीकडचे तज्ज्ञ इमारत थंड होते हे मान्य करतात. मोठं क्षेत्र पांढरं झालं तर स्थानिक हवामानही बदलतं: स्पेनच्या आल्मेरियात हजारो हेक्टर हरितगृहांना चुना फासतात, तिथे 1983 ते 2006 दरम्यान तापमान दर दशकाला सुमारे 0.3 अंशांनी उतरत होतं.

रस्ते पांढरे करण्याबद्दल मात्र मी साशंक आहे. रस्ता गार होतो, पण परतलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येतं. तिथे झाडच हवं.

करायचंच तर फेब्रुवारीत करा. चुना स्वस्त, पण एका पावसाळ्यात धुऊन जातो. परावर्तक रंग महाग, पण काही वर्षं टिकतो. आपल्याकडची पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक गच्ची याहून टिकाऊ. धूळ आणि शेवाळ बसलं की परावर्तन घटतं, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा घासून धुवा.