चेतातंतूंच्या वाढीवरील संशोधनात जीवरसायनशास्त्रज्ञाला काही स्थान आहे का?

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर चेतातंतूंच्या वाढीवर संशोधन करता येईल का, की त्यासाठी चेताविज्ञानाचीच पदवी लागते, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः प्रथिनांच्या शुद्धीकरणाकडून या विषयाकडे वळले, त्यामुळे निःशंकपणे सांगते की करता येते. किंबहुना या क्षेत्रातील पहिले निर्णायक काम अशाच एका जीवरसायनशास्त्रज्ञाने केले आहे.

स्टॅन्ले कोहेन 1953 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या विभागात दाखल झाले, तेव्हा त्यांची पीएच.डी. गांडुळांच्या चयापचयावर झालेली होती. तेथे रिटा लेव्ही-मॉन्टालचिनी यांनी दाखवून दिले होते की उंदराच्या विशिष्ट कर्करोगाच्या गाठीतून एखादा पदार्थ झिरपतो आणि त्यामुळे कोंबडीच्या भ्रूणातील चेतातंतू अफाट वाढतात. त्यांनी चाचणीही बसवली होती: भ्रूणातील चेतागुच्छिका (चेतापेशींचा छोटा पुंजका) काचेवर संवर्धित करायची, तिच्याजवळ अर्क ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. पदार्थ असेल तर गुच्छिकेभोवती तंतूंचे दाट प्रभामंडळ उभे राहते. तो पदार्थ कोणता, हे शोधणे कोहेन यांच्याकडे आले.

तो न्यूक्लिक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरवण्यासाठी त्यांनी अर्कात सापाचे विष मिसळले, कारण विषात न्यूक्लिक आम्ले तोडणारे विकर (एन्झाइम) असते. परिणाम कमी होण्याऐवजी वाढला, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या, नुसते विष घातलेल्या संवर्धनातही प्रभामंडळ दिसले, म्हणजेच विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होता. विषग्रंथी ही लालाग्रंथीची नातलग, या विचाराने त्यांनी उंदराची लालाग्रंथी तपासली आणि प्रौढ नराच्या ग्रंथीत या प्रथिनाचा विपुल साठा सापडला. तेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतातंतूंची वाढ घडवणारा घटक.

पुढचा प्रयोग मला या सगळ्यात श्रेष्ठ वाटतो. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचल्यावर त्यांच्या अनुकंपी (सिंपथेटिक) चेतासंस्थेच्या गुच्छिका जवळजवळ नाहीशा झाल्या. बाहेरून दिल्यास तंतू वाढवणारे पदार्थ पुष्कळ असू शकतात. पण हे प्रथिन काढून घेतले की पेशी मरतात, म्हणजे शरीराला त्याची खरोखर गरज आहे, हे यातून सिद्ध झाले. प्रथिनाचे कार्य कशाला म्हणायचे, याचा याहून स्पष्ट धडा मला माहीत नाही. पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठात कोहेन यांनी त्याच ग्रंथीच्या अर्काने उंदरांच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडतात या निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि 53 अमिनो आम्लांचा एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर वेगळा केला. 1986 चे नोबेल पारितोषिक कोहेन आणि लेव्ही-मॉन्टालचिनी या दोघांना मिळाले.

प्रत्यक्ष काम आजही याच जातीचे आहे. भ्रूणातील गुच्छिकेऐवजी आम्ही बहुतेक वेळा उंदीरवर्गातील अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीपासून मिळवलेल्या पीसी-12 पेशी वापरतो. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर मिळाल्यावर या पेशी विभाजन थांबवून लांब प्रवर्ध, म्हणजे चेतातंतूंसारखे फाटे, काढू लागतात. किती लांबीचा प्रवर्ध मोजायचा, हे आधी ठरवावे लागते, आणि मोजणाऱ्याला कोणत्या ताटलीत काय घातले आहे हे ठाऊक नसावे, यावर मी कधीच तडजोड करत नाही. शिवाय नॅनोग्रॅमच्या प्रमाणात हे प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसते, म्हणून विरल द्रावणात अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन घालावे लागते. तसे न केल्यास प्रथिन निष्क्रिय आहे, असा खोटा निष्कर्ष निघतो. असे बारकावे जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतच अंगवळणी पडतात.

रचनेच्या बाजूलाही भरपूर काम आहे. हे प्रथिन दोन समान साखळ्यांच्या जोडीने कार्य करते आणि प्रत्येक साखळीत तीन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या अणूंमधले दुवे) असतात. जिवाणूंकडून ते तयार करून घेतले तर हे बंध योग्य जागी जुळून घडी नीट बसणे हीच मोठी अडचण ठरते. ती सोडवता आली म्हणूनच सेनेजर्मिन हे डोळ्यांत घालायचे थेंब शक्य झाले. चेतापुरवठा बिघडल्यामुळे पारपटलावर (कॉर्नियावर) होणाऱ्या जखमेसाठी अमेरिकेत त्यांना 2018 मध्ये मान्यता मिळाली.

तेव्हा पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना विषयाच्या शीर्षकापेक्षा तेथे कोणती चाचणी वापरतात आणि प्रथिन स्वतः शुद्ध करतात की विकत घेतात, हे आधी विचारा. शुद्धीकरण, ग्राहीशी (पेशीवरील रिसेप्टरशी) होणाऱ्या बंधनाचे मापन आणि पेशीसंवर्धन ही तिन्ही कौशल्ये जेथे हाताखालून जातील, ती प्रयोगशाळा तुमच्यासाठी योग्य आहे. चेतासंस्थेची रचना तुम्हाला सोबतच्या वाचनातून शिकता येईल.