शाळेत नुसतं खेळतो, शिकणार कधी?

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा आहे, नर्सरीत रोज ठोकळे, माती, पाणी एवढंच चालतं, अजून अ आ इ पण लिहीत नाही. वेळ वाया जातोय का?

उत्तर: ताई, अजिबात नाही. तो ठोकळे रचतो तेव्हा एकदा शेजारी बसून बघा ना, मनोरा पडला की क्षणभर थांबतो, मग मोठा ठोकळा शोधून खाली ठेवतो, म्हणजे तोल, आकार, लहान-मोठं सगळं हातानेच कळतंय त्याला, आणि माती मळून बोटांत जी ताकद येते ना तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत किंडरगार्टनची, म्हणजे बालवाडीची, सुरुवात केली ती मुळी खेळाच्याच पायावर. हां, शाळेत एक मात्र नक्की बघा, सामान मुलांच्या हाताला येईल असं ठेवलंय की कपाटात कुलूपबंद? मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खेळणी थोडी असली तरी चालतील, पण बाई मधूनमधून "हे कसं केलंस रे?" असं विचारतात का? घरी रिकामे डबे नि झाकणं द्या आणि लगेच मदतीला धावू नका, कुठलं झाकण कशाला बसतं ते शोधू दे त्याला.