लोकांच्या घरात चिखल असताना गोष्ट सांगायची का?

पूर, दरड, वादळ येऊन गेलं की काही आठवड्यांनी समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी माणसं वेगवेगळी असतात. कथाकथन करणारे गृहस्थ, गावोगाव कीर्तनाला जाणाऱ्या एखाद्या ताई, जाखडी या कोकणी लोकनृत्याचे शाहीर, मोबाइलवर गोष्टी रेकॉर्ड करून टाकणारी तरुण मुलं. यांना कुठल्या संस्थेचा पगार नसतो. सुपारी मिळेल तेव्हा कार्यक्रम, नाही तर घरी. प्रश्न असा असतो: "आजूबाजूला एवढं होऊन गेलं, आता गोष्टी सांगणं शोभतं का? आणि खरं सांगायचं तर सुचतही नाही. हे काम संपलंच का माझं?"

उत्तर एका गृहस्थांच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आहे. मी त्यांना सर म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

सर चिपळूणचे, पन्नाशीच्या आसपासचे. जिल्हा परिषदेच्या शाळा, गणेशोत्सव मंडळं, वाचनालयं, कुणाच्या घरची साठीशांत, जिथे बोलावतील तिथे जाऊन गोष्टी सांगायच्या हा त्यांचा पंचवीसेक वर्षांचा व्यवसाय. एसटीचं भाडं आणि पाकीट, एवढीच बोलणी. गोष्टी बहुतेक त्यांनी स्वतः गोळा केलेल्या: खाडीकाठच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या राखणदाराच्या, वेताळाच्या, सासुरवाशिणींच्या, हुशार कोल्ह्याच्या. कुणाकडून ऐकली, कुठल्या वाडीत, तिथे शेवट कसा करतात, सगळं वह्यांमध्ये लिहिलेलं. वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक तळमजल्यावर.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने कहर केला होता. महाबळेश्वरला तर एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या फुगल्या, बाजारपेठ बुडाली, कितीतरी ठिकाणी पाणी २६ जुलै २००५ च्या पुराच्या खुणेच्याही वर गेलं. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. सरांचं कुटुंब पोटमाळ्यावर बसून होतं आणि खाली भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली, पण झाकण उघडून आत चिखल शिरलेला. बॉलपेनने लिहिलेल्या वह्या थोड्या वाचता येत होत्या. शाईच्या पेनाने लिहिलेल्या जुन्या वह्यांची पानं निळी होऊन एकमेकांना चिकटली होती. त्यात त्याआधीची दीड वर्षं टाळेबंदीची. मार्च २०२० पासून धड एक सुपारी मिळाली नव्हती.

ते माझ्याकडे आले गणपतीनंतर, तेही घरच्यांनी पाठवलं म्हणून. "मला काही झालेलं नाही, मॅडम. शेजाऱ्याचं दुकान गेलं, आमचं घर तरी उभं आहे," ही त्यांची पहिली वाक्यं. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. पावसाची सर वाढली की रात्री उठून दाराशी जाऊन बघतात. एका मंडळाने बोलावलं होतं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. भाच्याने हट्ट धरला म्हणून घरीच एक गोष्ट सांगायला घेतली, तर मध्येच पुढचं काही आठवेना. आयुष्यभर पाठ असलेली गोष्ट. त्या प्रसंगाची त्यांना पुरापेक्षा जास्त भीती वाटत होती.

आधी ती भीती हातात घेतली. झोप तुटलेली, शरीर सतत सावध, दिवसभर चिखल काढणं, पंचनाम्यासाठी धावपळ. अशा वेळी मेंदूची सगळी ताकद धोक्यावर लक्ष ठेवण्यात जाते आणि लांब धागा धरून ठेवणं जड जातं. गोष्ट सांगणाऱ्याचं कामच धागा धरण्याचं, म्हणून त्याला ते पहिल्यांदा जाणवतं. भाजीवाल्याला कदाचित हिशेबात चूक झाल्यावर जाणवेल. गोष्ट गेलेली नसते, दमलेल्या माणसाला ती ओढून वर आणता येत नसते. सरांना हे पटायला वेळ लागला. झोपेची वेळ धरणं, संध्याकाळनंतर पुराचे व्हिडिओ न बघणं, सकाळी नदीच्या उलट्या दिशेने फिरायला जाणं, अशा साध्या गोष्टींपासून आम्ही सुरुवात केली.

त्यांना वाटत होतं की मी त्यांना पुराबद्दल सगळं बोलायला लावीन. अनेकांना तसं वाटतं. "मनात ठेवू नका, सगळं सांगून टाका" हे आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं. पण आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून जे घडलं ते सगळं पुन्हा वदवून घेणं, अशा सत्रांची जागतिक आरोग्य संघटनाही शिफारस करत नाही. त्याने बरं वाटण्याऐवजी काहींचा त्रास वाढू शकतो. पहिल्या काळात माणसाला काय हवं आहे ते बघावं, तो जेवढं बोलेल तेवढं ऐकावं आणि हवी ती मदत जोडून द्यावी. सरांना जेव्हा वाटलं तेव्हा ते पोटमाळ्यावरच्या रात्रीबद्दल बोलले, एरवी नाही.

मग मूळ प्रश्न आला. "लोकांच्या घरात चिखल, आणि मी राजाराणीच्या गोष्टी सांगत फिरू?"

मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला कुणी म्हणालं का? कुणीच म्हणालेलं नव्हतं. उलट वाडीतली मुलं दोनदा येऊन गेली होती. प्राथमिक शाळा कोरोनामुळे अजून बंद होत्या, त्यात पुराने वह्या-दप्तरं गेलेली. मुलांना दिवसभर करायला काही नव्हतं आणि मोठ्या माणसांच्या तोंडी फक्त पाणी, नुकसान, पंचनामा. माझं म्हणणं होतं की सरांनी पुराची गोष्ट सांगूच नये, इतक्यात तरी. सर्वांत जुनी, सर्वांत घोटलेली, शेवट सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी, आणि तीही लहान. माहीत असलेल्या गोष्टीत पुढे काय होणार ते मुलांना आधीच ठाऊक असतं. जिथे एका रात्रीत सगळंच अनपेक्षित घडून गेलं आहे, तिथे हा फार मोठा आधार आहे. सांगणाऱ्यालाही तो लागतो, कारण नवीन रचण्याची ताकद सगळ्यांत उशिरा परत येते.

त्यांनी कोल्ह्याची गोष्ट निवडली. आपल्याच पडवीत, पाच-सहा मुलं, दहा मिनिटं. अडकलो तर मुलांनाच पुढचं विचारायचं, असं ठरवून गेले होते.

सुरुवात करण्याआधी एका मुलीने विचारलं, "सर, यात नदी आहे का?"

हे मला सांगताना त्यांचा आवाज बदलला. गोष्टीत नदी होती. ती काढली तर कोल्हा पलीकडे जाणार कसा? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आहे. पण उन्हाळ्यातली आहे. घोट्याएवढं पाणी." मुलीने विचार केला आणि म्हणाली, "मग चालेल."

मला यात त्यांची सगळी कारागिरी दिसते. त्यांनी नदी लपवली नाही आणि मुलीवर लादलीही नाही. तिने विचारलं, त्यांनी खरं उत्तर दिलं आणि पाणी किती हे तिच्यासाठी ठरवलं. लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना मी हा प्रसंग सांगते. पूरग्रस्त मुलांना "तुम्ही काय पाहिलंत ते सांगा" म्हणून माईक पुढे करणाऱ्यांनाही सांगते. मुलं आपणहून पाण्याची चित्रं काढतील, पुराचा खेळ मांडतील, तेव्हा तो त्यांना खेळू द्यावा. आपण तो मागू नये. अशा खेळात मूल अडकून पडलेलं दिसलं, दर वेळी तोच भयानक शेवट आणि खेळून झाल्यावर जास्तच घाबरलेलं, तर मात्र तज्ज्ञाला दाखवावं.

वह्यांचं दुःख वेगळं होतं आणि त्याला मी घाईने हात लावला नाही. घरातले म्हणत होते, "तुम्हाला सगळं पाठ आहे, पुन्हा लिहा." सगळं पाठ नव्हतं. ज्यांच्याकडून ऐकलं त्यातले काही जण गेले होते, दोघं तर कोरोनातच. म्हणजे काही गोष्टी खरोखर संपल्या होत्या आणि ते मान्य करणं भाग होतं. त्यासाठी ते रडले. त्यानंतर आम्ही यादी केली. पूर्ण गोष्ट लिहायची नाही, फक्त नाव, कुणाकडून ऐकली आणि एखादं आठवतं वाक्य. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी ती लिहिली. यादी वाढली तसा त्यांना फोन करायचा उत्साह आला. मुंबईच्या एका चाकरमान्याला त्याच्या आजीच्या गोष्टीचा शेवट विचारला, त्याने तो फोनवर सांगितला, सरांनी रेकॉर्ड केला. आता प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत मुंबईला असते.

भिजलेल्या वह्यांबद्दल इथेच सांगून ठेवते, कारण पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात. ओल्या कागदाला ४८ तासांत बुरशी धरू लागते. चिखल असेल तर वही मिटलेलीच धरून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवावी, पण शाईचं लिखाण असेल तर हे टाळावं. चिकटलेली पानं ओढून सोडवू नयेत. सुटतील तिथे मध्ये कोरे कागद घालून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. कडक उन्हात कागद वाकडा होतो. लगेच जमत नसेल आणि कुठे वीज असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे बुरशी थांबते आणि नंतर सवडीने वाळवता येते.

चिपळूणला तर हे दुःख नवीन नाही. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात त्याची पुस्तकं गेली, पुन्हा उभं राहिलं, २०१३ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन त्याच वाचनालयाने चिपळूणला भरवलं, आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी आत आलं. सर तिथे लहानपणापासून जातात. वाचनालय पुन्हा सावरू लागलेलं पाहून त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा जास्त धीर आला असेल.

त्याच सुमारास पुण्याहून एका मदत गटाचा फोन आला. निधीसाठी कार्यक्रम आहे, तुम्ही पूर डोळ्यांनी पाहिलाय, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल असं काही सांगा. मानधन नाही, कारण काम समाजासाठी. सरांना नाही म्हणवेना. हो म्हटल्यावर रात्रीची झोप पुन्हा गेली.

यावर माझं मत ठाम आहे. स्वतःचा पूर सांगायचा की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचं, बोलावणाऱ्याने नाही. दुसऱ्याचा पूर सांगायचा असेल तर त्या माणसाची परवानगी हवी, आणि आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात दिलेला होकार पक्का धरू नये. त्या वेळी माणूस समोर आलेल्या कुणालाही काहीही सांगतो. काही महिन्यांनी पुन्हा विचारावं. कोल्हापूरकडचा एक तरुण २०१९ च्या पुरानंतर माझ्याशी फोनवर बोलत असे. तिथे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. एका आजींचा रडतानाचा व्हिडिओ त्याने टाकला होता आणि तो खूप पाहिला गेला. त्याला त्याचंच अवघडलेपण होतं. तो पुन्हा आजींकडे गेला. त्या म्हणाल्या, "बाळा, ते काढ. माझ्या म्हशींबद्दल मी बोलले ते ठेव." त्याने तसं केलं.

आणि पैसे. पुरानंतर वायरमन मीटर दुरुस्त करतो, त्याची मजुरी आपण देतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. गोष्ट सांगणाऱ्याचंही घर बुडालेलं असतं. पंचनाम्यात भांडी, धान्य, दुकानातला माल लिहिला जातो, पंचवीस वर्षांच्या वह्यांना तिथे रकाना नसतो. त्याने मानधन मागितलं म्हणजे त्याला लोकांचं दुःख कळत नाही, असं होत नाही. सरांनी पुण्याच्या गटाला कळवलं: येईन, कोल्ह्याची गोष्ट सांगेन, पुराबद्दल बोलणार नाही, भाडं आणि मानधन लागेल. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. सरांना वाईट वाटलं, पण झोप लागली. वाडीतल्या मुलांकडून ते काही घेत नाहीत, मंडळांकडून घेतात. ही विभागणी त्यांची स्वतःची आणि मला ती आवडते.

सगळ्यांना समुपदेशकाची गरज लागते असं नाही. बहुतेक माणसं घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटून गेल्यावरही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, झोप येत नसेल, पाऊस किंवा नदीचा रस्ता टाळत रोजचं जगणं अडत असेल, दारू वाढली असेल, तर उशीर करू नये. आणि जगणं नको असं मनात आलं तर महिना वगैरे मोजायचाच नाही, त्याच दिवशी बोलायचं. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, रात्रंदिवस आणि मराठीतही.

मंडळांना, शाळांना, वाचनालयांना एक विनंती करते. तुमच्या भागात आपत्ती येऊन गेली की वर्षानुवर्षं तुमच्याकडे येणाऱ्या सांगणाऱ्याला फोन करा. "कसे आहात" एवढं आधी विचारा, कार्यक्रमाचं नंतर. बोलावलंत तर वेळ कमी ठेवा, विषय त्याच्यावर सोडा, ऐन वेळी नाही म्हणाला तर राग धरू नका. आणि पाकीट कार्यक्रमाआधी द्या, त्यातूनच त्याचं एसटीचं भाडं भागायचं असतं.