लाल पेनाच्या सतरा खुणा

"काम खूप आहे, त्याचं काही नाही हो मॅडम. पण माझ्या हातून चूक झाली तर?"

इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या उन्हाळी इंटर्नशिपला दोन-तीन आठवडे झाले की हे वाक्य माझ्यासारख्या समुपदेशक बाईकडे यायला लागतं. आठ-दहा आठवड्यांचा मामला, शेवटी नोकरीची ऑफर मिळणार की नाही ही टांगती तलवार, आणि आलेली मुलं जन्मभर पहिल्या तिघांतली. इतक्या जणांना तेच ते सांगून झालंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारलंय, ओळख पटेल असे तपशील आणि आकडे बदलले आहेत.

ती चौथ्या आठवड्यात आली. व्हिडिओ कॉलवर, रात्री साडेदहाला, ऑफिसातल्या रिकाम्या मीटिंग रूममधून. दर दोन मिनिटांनी नजर दाराकडे. तक्रार झोपेची होती. आडवं पडलं की डोळ्यांपुढे एक्सेलचे रकाने. पहाटे उठून, आधीच पाठवलेली फाइल उघडून पुन्हा सगळे आकडे तपासायचे. "बाकीचे इंटर्न बिनधास्त आहेत. मलाच काही येत नाही. आज ना उद्या सगळ्यांना कळणारच आहे."

"कशावरून येत नाही?"

"काल एका पानावर सतरा लाल खुणा होत्या. मोजल्या मी."

पान म्हणजे पिचबुकचं पान. बँक एखाद्या कंपनीपुढे आपला प्रस्ताव मांडते ते सादरीकरण. इंटर्न आणि अ‍ॅनालिस्ट ती पानं तयार करतात, त्यांच्या वरचा असोसिएट तपासतो, त्याच्यानंतर व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट), मग एमडी (मॅनेजिंग डायरेक्टर). तिने प्रिंट काढून टेबलावर ठेवायची आणि तासाभराने ती लाल होऊन परत यायची.

ते पान मला दाखवणं शक्य नव्हतं, मी मागितलंही नाही. गोपनीयता तिच्या धंद्यात आहे तशी माझ्याही. म्हटलं, कोऱ्या कागदावर नुसत्या खुणा काढ, कुठे गोल होता, कुठे बाण. तिने काढल्या. एकही विसरली नव्हती. कागद कॅमेऱ्यापुढे धरून आम्ही एकेक खूण वाचत गेलो. तळटीपेत आकड्यांची तारीख राहिली. एका रकान्यात एक दशांश स्थळ, शेजारच्यात दोन. उणे आकडा कंसात टाकलेला नाही. लोगो एका ओळीत नाहीत. शीर्षक दुसऱ्या ओळीवर घसरलं. पंधरा खुणा या जातीच्या. एकीतलं अक्षर तिलाही लागलं नव्हतं. उरलेली एक मात्र खरी विचार करायला लावणारी: 'ही कंपनी तुलनेत का घेतली?'

"यातली कुठली खूण म्हणते की तू नालायक आहेस?"

तिने कागद खाली घेतला. बराच वेळ बघत राहिली. "सगळ्याच," म्हणाली.

इथे मला जे दिसलं, ते मी तोवर डझनभर मुलांमध्ये पाहिलं होतं, पण नीट शब्दांत पकडलं नव्हतं. या मुलांनी पंधरा-सोळा वर्षं लाल पेन एकाच अर्थाने पाहिलंय: गुण कापले. शाळेत ते बरोबरच होतं. पेपर एकदाच लिहायचा, एकदाच तपासून यायचा, आणि त्यावर आकडा असायचा. बँकेत तेच पान दहा-वीस वेळा फिरतं. लाल खूण म्हणजे पुढच्या आवृत्तीत काय बदलायचं त्याची यादी. गुण कुणी देतच नाही. इंटर्नशिपच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा, एवढंच काय ते मूल्यमापन कानावर पडतं. मधल्या शांततेत गुणांच्या सवयीचं पोर खुणा मोजून स्वतःचा निकाल स्वतःच लावून घेतं, आणि तोही नापासचा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी सगळी प्रॅक्टिस उभी आहे, हे लपवत नाही. घटना आणि घटनेला आपण दिलेला अर्थ यांच्यात फट असते. माझं काम त्या फटीत बोट घालायचं. सहकारी मला कधीकधी हट्टी म्हणतात. असो.

पुढच्या वेळी मी एवढंच विचारलं, "तुझ्या असोसिएटची पानं कोण तपासतं?"

"व्हीपी."

"त्याच्या पानावर किती खुणा येतात?"

माहीत नव्हतं. बघून ये म्हटलं. आठवड्याने ती जवळजवळ हसतच कॉलवर आली. असोसिएटच्या हातात परत आलेली पानं हिरव्या पेनाने भरून गेली होती. आणि त्याने काय केलं? "काहीच नाही. 'बरं' म्हणाला आणि कॉफी आणायला गेला."

"अगं, तीन-तीन माणसं तपासायला ठेवली आहेत," मी म्हटलं. "ती कशासाठी? खालचा चुकणार, हे धरूनच चालतात म्हणून."

त्यावर ती हसली नाही. गप्प झाली. मग दाराकडे बघत आवाज खाली घेऊन म्हणाली, "मॅडम, एक चूक कुणाला सापडलेलीच नाही."

अच्छा. म्हणजे पहाटेच्या तपासणीचं मूळ हे होतं. कंपन्यांच्या तुलनेच्या तक्त्यात एका कंपनीची एंटरप्राइज व्हॅल्यू, म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत, काढताना तिने बाजारमूल्यात कर्ज मिळवलं, पण हातातली रोकड वजा करायची राहिली. त्यामुळे ती कंपनी उगाच महाग दिसत होती आणि किंमत कमाईच्या किती पट, याचा सगळ्या तक्त्यातला मध्यक (मधला आकडा) ११.१ पट यायचा तो ११.४ पट आला होता. पानं तिन्ही चाळण्यांतून सुटली. मीटिंग दोन दिवसांवर.

"सांगितलंस तर?"

"चिडतील."

"मग?"

"ऑफर जाईल."

"मग?"

"घरी सांगावं लागेल."

"मग?"

इथे ती थांबली. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही. अशा वेळी घड्याळाकडे बघायचं नसतं, हे शिकायला मला काही वर्षं लागली. शेवटी म्हणाली, "मग मी कोण? मला दुसरं काही येतच नाही. मी फक्त बरोबर असते."

मी फक्त बरोबर असते. हे वाक्य मी तिला तिच्याच आवाजात पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलं. रडली, आणि रडता रडता म्हणाली, "हे किती दमवणारं आहे." इतक्या आठवड्यांत ती 'दमले' असं पहिल्यांदाच म्हणत होती. सतरा खुणांचं ओझं कामाचं नव्हतंच. चूक तिच्या हातून झाली नव्हती, ती स्वतःच चूक होती. निदान तिच्या हिशेबात.

मग आम्ही मेल लिहिली. माफीची दोन वाक्यं तिने सुरुवातीलाच टाकली होती, ती मी काढायला लावली. काय चुकलं, कुठे, परिणाम किती, दुरुस्ती कुठे आहे, एवढं पुरतं. 'पान १४ वर एका कंपनीची रोकड वजा करायची राहिली होती. मध्यक ११.४ वरून ११.१ होतो. निष्कर्ष बदलत नाही. दुरुस्त फाइल जोडली आहे.' चूक सांगायची वेळ आलेल्या प्रत्येकाला मी हाच साचा देते. लांबलचक माफीत वाचणाऱ्याला आधी तुमची समजूत काढावी लागते आणि चूक शोधायची राहून जाते.

सात मिनिटांनी उत्तर आलं: 'ओके. पान २२ पण बघ, तिथेही हाच आकडा ओढलाय.'

बस. तिची जराशी निराशाच झाली असावी.

उरलेल्या आठवड्यांसाठी गृहपाठ दिला: रोज एक प्रश्न, मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असा. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना, बुजरेपणा घालवायला महिनाभर न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन अनोळखी स्त्रियांशी बोलत. अशा शंभरेक जणींशी बोललो, असं ते सांगायचे. त्यापुढे "हे पान कुणासाठी आहे?" विचारणं सोपं. शिवाय हा प्रश्न कामाचा आहे. काम हाती येतं त्या पहिल्या दहा मिनिटांतच विचारून घ्या: कधी हवंय, कोण वाचणार, याआधीचं असं एखादं काम नमुन्याला मिळेल का. तेव्हा विचारलं तर कुणाला काही वाटत नाही. तोच प्रश्न रात्री दोनला विचारलात तर बोलणी खाल, आणि ती रास्त असतील.

आता एक गोष्ट, नाहीतर वाचणारे म्हणतील की बाईंना सगळं मनातच दिसतं. तासांचा प्रश्न खरा आहे. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका बँकेतल्या इंटर्नचा मृत्यू झाला आणि या क्षेत्रातल्या कामाच्या तासांची जगभर चर्चा झाली. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने इंटर्नना मध्यरात्रीनंतर सकाळी सातपर्यंत ऑफिसात थांबायला मनाई केली. म्हणजे सतरा तास चालतील, असा त्याचा अर्थ. नियमातूनच रोगाची कल्पना यावी. विचार कितीही विवेकी केला तरी बुडालेली झोप भरून निघत नाही. सलग काही रात्री चार तासांच्या आत झोप, छातीत धडधड, जेवण उडवणं, असं असेल तर समुपदेशकाकडे यायच्या आधी डॉक्टर गाठा आणि ज्याच्याकडून काम येतं त्याला स्पष्ट सांगा. या मुलीच्या बाबतीत पहाटेची तपासणी बंद झाली तेव्हा दीड तासाची झोप परत मिळाली. बाकीची ऑफिसने खाल्ली होती, ती मी कुठून आणू?

ऑफर मिळाली का, हे सगळे विचारतात. मिळाली. मात्र तिने लगेच होकार कळवला नाही. मुदत संपायच्या आत पुन्हा कॉलवर आली, या वेळी दिवसाउजेडी, आणि म्हणाली, "मॅडम, आता भीती नाही वाटत. पण भीती गेल्यावर बघितलं, तर हे काम मला आवडतं का, तेच मला माहीत नाही."

तो कॉल सगळ्यांत लांब चालला. मध्येच तिने शेजारचा कागद ओढला आणि काहीतरी लिहायला घेतलं. पेन लाल होतं. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.