पोस्टरसमोर कोण उभं राहणार?

प्रिय होऊ घातलेल्या डॉक्टरबाई,

परवा तू केबिनमधून गेलीस आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या तयारीची तुझी ती यादी टेबलावरच राहिली. वाचली. समित्या ११, उपसमित्या वेगळ्या. परिषदेचा लोगो ठरलाय, बॅगेचा रंग ठरलाय, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून दोन तट पडलेले दिसतात. ‘पोस्टर’, म्हणजे विद्यार्थ्याने आपलं संशोधन मोठ्या कागदावर मांडून फळ्यावर लावायचं ते, हा शब्द मात्र अख्ख्या यादीत एकदाच आलाय, तोही असा: ‘चहा व पोस्टर, ३० मिनिटे.’

त्या ओळीभोवती मी लाल पेनाने गोल काढलाय. यादी परत पाठवतोय आणि सोबत हे पत्र. पत्र त्या गोलाबद्दलच आहे.

मी पहिल्यांदा अशा परिषदेच्या कामात पडलो तेव्हा तुझ्याच वयाचा होतो. आमचं उद्घाटन तासभर उशिरा सुरू झालं. प्रमुख पाहुण्यांना बोलायला २० मिनिटं दिली होती, ते ५० मिनिटं बोलले आणि त्यांना थांबवायची कोणाची छाती झाली नाही. गेलेला वेळ कुठून तरी भरून काढायचा होता, तो आम्ही पोस्टरमधून काढला. दोन विमानं बदलून आलेली एक विद्यार्थिनी आपल्या पोस्टरशेजारी उभी होती. चहा झाला, पुढच्या व्याख्यानाची घंटा झाली, लोक आत गेले. मी पोस्टर उतरवायला गेलो तेव्हा तिने मला अगदी नम्रपणे विचारलं, “परीक्षक येऊन गेले का? माझ्या लक्षात आलं नाही का?” कोणीच आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि पोस्टर नळीत घालायला तिला मदत केली. त्या परिषदेत मी केलेलं एवढंच एक उपयोगी काम.

तेव्हापासून माझं एकच मोजमाप आहे. आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या कामाबद्दल निदान एक खरा प्रश्न विचारला गेला का? खरा म्हणजे ज्याने काम वाचलंय त्याने विचारलेला. ‘छान आहे, पुढे काय करणार?’ हा प्रश्न नव्हे, तो निरोप आहे.

तू म्हणशील, विद्यार्थ्यांचं संशोधन ते, त्यात एवढं काय असणार? मग जे मॅकलीन नावाच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट ऐक. १९१५-१६च्या सुमाराला हा जॉन्स हॉपकिन्सला वैद्यकीय विद्यार्थी होता. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांनी त्याला काम दिलं होतं रक्त गोठवणाऱ्या एका द्रव्याचा अभ्यास करायचं. त्याने वेगवेगळ्या अवयवांचे अर्क काढले, आणि यकृतापासून काढलेल्या अर्काने उलटंच केलं. काही काळ ठेवल्यावर तो रक्त गोठू देईना. मॅकलीनने पुढे लिहिलेल्या आठवणीनुसार हॉवेल यांना आधी ते पटलं नाही. तेव्हा त्याने मांजराचं रक्त एका चंचुपात्रात घेतलं, त्यात अर्क मिसळला, पात्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, गोठलं की मला कळवा. ते गोठलंच नाही. १९१६ मध्ये त्याचा निबंध छापून आला आणि १९१८ मध्ये हॉवेल यांनी ‘हेपॅरिन’ हे नाव वापरलं, यकृताच्या ग्रीक शब्दावरून. आज रक्त गोठू नये म्हणून आपण जे हेपॅरिन देतो ते घडायला पुढे बऱ्याच लोकांचे हात लागले आणि श्रेयावरून वादही झाले. ते सगळं बाजूला ठेव. मला त्या गोष्टीतलं टेबल महत्त्वाचं वाटतं. विद्यार्थ्याचं पात्र प्राध्यापकाच्या टेबलावर होतं आणि प्राध्यापक ते बघत होते, विश्वास नसताना. पोस्टर सत्र म्हणजे ते टेबल. तू ते ३० मिनिटांत आणि चहाच्या कपांमध्ये बसवलंयस.

आता हिशेब कर. तुमच्याकडे १२० पोस्टर येणार म्हणतेस. एका पोस्टरला ३ मिनिटं सांगायला, २ प्रश्नांना, १ पुढच्या फळ्यापर्यंत चालत जायला. म्हणजे ६ मिनिटं. दीड तासाचं सत्र धरलं तर परीक्षकांच्या एका जोडीची १५ पोस्टर होतात. म्हणजे ८ जोड्या, १६ परीक्षक हवेत, आणि दोघं-तिघं राखीव, कारण ऐनवेळी कोणाची तरी शस्त्रक्रिया लांबतेच. तुझ्या यादीत परीक्षक ४ आहेत. तेवढ्याच वेळात ते ३० पोस्टर पाहतील. उरलेल्या ९० जणांना तू काय सांगणार आहेस?

परीक्षक पुरेसे झाले तरी माझं समाधान व्हायचं नाही, कारण परीक्षक गुण द्यायला येतो. म्हणून आणखी एक कर. तुमच्या कॉलेजचे शे-दीडशे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून बॅज लावून फिरणार आहेत. त्यातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी २ अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचे छोटे सारांश, वाचायला दे आणि त्यांवर एकेक प्रश्न लिहून आणायला सांग. त्या दीड तासात त्यांनी त्या दोन पोस्टरपाशी जायचं, बस. दारात फुलं घेऊन उभं राहण्यापेक्षा हे स्वागत पाहुण्याच्या जास्त लक्षात राहील. तुमच्या मुलांचाही फायदा. समोरच्याचं काम वाचून प्रश्न विचारणं ही गोष्ट आपण अभ्यासक्रमात फारशी शिकवत नाही.

फळ्यांचं एक सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असतो. फळा एक मीटर रुंद असेल तर आडवं पोस्टर त्यावर बसत नाही. उभं की आडवं हे स्वीकृतीच्या पत्रातच लिहा. पोस्टरच्या कडा दुमडून लावताना लोकांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट निवडताना नाव आणि संस्था झाकून परीक्षणाला पाठवणार आहात, हे उत्तम. पण दोन परीक्षकांपैकी एक सढळ हाताचा आणि एक कंजूष निघाला तर गुणांना अर्थ राहत नाही. आधी सगळ्या परीक्षकांना तीच ५ अ‍ॅबस्ट्रॅक्ट द्या, त्यांचे गुण शेजारी शेजारी ठेवा आणि तासभर भांडू द्या. नंतरचं काम सोपं जातं. आणि गुणपत्रिकेत ‘कामाच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगितल्या का’ यालाही गुण ठेवा. पाउल लांगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनला आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या, आज इन्सुलिनसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचं वर्णन केलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्या पेशी कशासाठी आहेत हे आपल्याला माहीत नाही, असं त्याने सरळ मान्य केलं. त्या पुंजक्यांना त्याचं नाव मिळालं १८९३ मध्ये, तेही लागेस या दुसऱ्या संशोधकाकडून. आजच्या आपल्या गुणपत्रिकेवर त्या प्रबंधाला ‘निष्कर्ष अस्पष्ट’ असा शेरा मिळाला असता, अशी मला दाट शंका आहे.

पण प्रश्न विचारायला माणूस आधी पोहोचला पाहिजे. तुझ्या यादीत व्हिसा हे काम ‘पाहुणे व निवास’ समितीच्या तळाशी, विमानतळावरच्या गाड्यांच्या खाली आहे. ते वर आण. निवड उशिरा जाहीर झाली की निमंत्रणपत्र उशिरा जातं, मग दूतावासाची वेळ मिळत नाही, आणि गळतात ते नेमके ज्यांच्या पासपोर्टला फार कागद लागतात ते. उरतात ज्यांना व्हिसा सहज मिळतो ते, आणि आपण त्यालाच आंतरराष्ट्रीय म्हणतो. शेंगेन देशांचं, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसा असलेल्या देशांचं, उदाहरण घे. तिथे प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. ही मुभा कागदावर कितीही असली तरी तुमचं पत्र दीड महिना आधी निघालं तर त्या विद्यार्थ्याच्या हातात दीडच महिना उरतो. म्हणून तारखा उलट्या मोजा: परिषदेच्या ५ महिने आधी निवड जाहीर, आणि त्याच आठवड्यात निमंत्रणपत्रं. पत्रावर पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, परिषदेच्या तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार ते, आणि अधिष्ठात्यांची सही. व्हिसा नाकारला गेला तर नोंदणी शुल्क परत मिळेल का, हे अर्जावरच छापा. आणि अशा विद्यार्थ्याला पडद्यावरून बोलायची सोय ठेवा, पण तिथेही प्रश्न विचारणारा कोणीतरी नेमा. रेकॉर्डिंग लावून सगळे जेवायला गेले, असं नको.

शुल्कमाफी द्यायची असेल तर गाजावाजा न करता द्या. बॅजवर वेगळा रंग वगैरे अजिबात नको. (हसू नकोस, असं केलेलं मी पाहिलंय.)

भाषेचं बघ. परिषद इंग्रजीत होणार आणि आलेल्यांपैकी बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा असणार. फाडफाड बोलणाऱ्याचं काम चांगलं आणि अडखळणाऱ्याचं कच्चं, असं परीक्षकाला नकळत वाटतं. मलाही वाटतं, मी ३० वर्षं परीक्षण करूनही. म्हणून सादरीकरणाला गुण कमी ठेवा आणि परीक्षकांना पोस्टर आधी नुसतं वाचायला सांगा, मग ऐकायला. सत्राध्यक्षांना सांग की प्रश्न कळला नसेल तर दुसऱ्या शब्दांत, सावकाश विचारायचा, मोठ्या आवाजात नव्हे. आणि तोंडी सादरीकरणानंतरचा पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच. पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकाने माइक घेतला की त्याचं स्वतःचं एक छोटं व्याख्यान होतं आणि मागच्या रांगा हात खाली घेतात. नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाकडून आपलं नाव उच्चारून केलेलं ५ सेकंदांचं ध्वनिमुद्रण मागवा. व्यासपीठावर नावाची मोडतोड झाली की माणूस बोलायला उठतो तो निम्मा खचूनच.

रुग्णांच्या फोटोंबद्दल मात्र मी कडक आहे. डोळ्यांवर काळी पट्टी लावली की ओळख लपली, हा समज अजून आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिने ही पट्टी पुरेशी नसल्याचं स्पष्टच म्हटलंय. रुग्णाची लेखी संमती नसेल तर ओळख पटेल असा फोटो नाही, मग केस कितीही दुर्मीळ असो. हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागवतानाच लिहा. पोस्टर फळ्यावर लागल्यावर ते उतरवायला लावणं म्हणजे त्या विद्यार्थ्याचा सगळ्यांसमोर अपमान, आणि चूक आपण आधी न सांगितल्याची.

प्रायोजकांचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही. त्यांचं नाव भिंतीवर, बॅगेवर, हवं तिथे. वैज्ञानिक समितीच्या बैठकीत त्यांचा माणूस बसणार असेल तर पैसे परत करा. जेवण, संगीतरजनी, सहल यांबद्दल मी काही सांगत नाही. ते तुम्ही आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं कराल, आणि खऱ्या ओळखी तिथेच होतील हेही मला ठाऊक आहे. वैद्यकीय विद्यार्थी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सुरुवात १९५१ मध्ये कोपनहेगनला झाली, महायुद्ध संपून जेमतेम ६ वर्षं झालेली असताना. एकमेकांच्या देशात जाऊन राहावं, शिकावं, या ओढीपुढे तेव्हाच्या सीमाही टिकल्या नाहीत. तेव्हा रात्री नाचा. सकाळचं पहिलं सत्र मात्र ९ ऐवजी १० ला ठेव, नाहीतर त्या सत्रातल्या विद्यार्थ्याला रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलावं लागेल.

उद्घाटनाच्या वादात मी पडणार नाही. तुम्ही कोणालाही बोलवा, फक्त व्यासपीठाच्या समोर घड्याळ लावा आणि वेळ संपल्याची चिठ्ठी द्यायला कोण जाणार हे आजच नावानिशी ठरवा. ती व्यक्ती अधिष्ठात्यांना न घाबरणारी असावी. तूच जा.

सुधारलेला कार्यक्रम गुरुवारी दुपारी ओपीडी संपल्यावर घेऊन ये, गुणपत्रिकेचा मसुदाही आण. आणि माझं नाव तू व्यासपीठावर बसणाऱ्यांत घातलंयस, ते खोड. मला १५ पोस्टर दे आणि त्यांची अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोन दिवस आधी पाठव. माझं वाचन आता सावकाश होतं.

तुझा,
सर