साडीचा स्पर्श व्हिडिओतून कसा पोचवायचा?

ताई, फोटो छान येतात, रंगही जुळतो, तरी "हातात घेतल्यावर वेगळीच वाटली" म्हणून साड्या परत येतात, हे तुमचं दुखणं मीही भोगलंय. बारा वर्षं घरून साड्या विकतेय, त्यातली पहिली दोन यातच गेली.

आधी तो समोरचा रिंगलाइट बंद करा. समोरचा उजेड पोत खाऊन टाकतो. सकाळी खिडकीशी साडी अशी पसरा की ऊन कापडावरून तिरकं जाईल. मग सुतातली गाठ न् गाठ सावली टाकते आणि खादीचा खरखरीतपणा नुसत्या नजरेला कळतो. फोनचा ब्यूटी फिल्टरही काढा, तो खादीचं सॅटिन करतो.

पण खरी गंमत आवाजात आहे. १९९८ साली फिनलंडमध्ये युसमाकी आणि हारी या संशोधकांनी लोकांना माइकजवळ तळहात चोळायला लावले आणि तोच आवाज हेडफोनवर ऐकवला. त्यातला बारीक, चरचरणारा भाग वाढवला की लोकांना स्वतःचीच कातडी कागदासारखी कोरडी वाटायची!

तेव्हा व्हिडिओवर गाणं टाकू नका. मी पदर फोनपासून वीतभर अंतरावर मुठीत चुरगाळते आणि सोडते. ऑर्गेन्झा करकरते, रेशीम सळसळतं, धुतलेली सुती साडी जवळजवळ गप्प असते. (सळसळ नाही म्हणजे रेशीम खोटं, असं गिऱ्हाईक म्हणेल. तसं नाही. तो आवाज रेशमाला सौम्य आम्लात बुडवल्यावर येतो, जन्मजात नसतो.) व्हिडिओ कॉलवर मात्र हे दाखवू नका. ॲपला सळसळ म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते ती गाळतं. रेकॉर्ड करून पाठवा.

स्लो मोशन तर अजिबात नको. त्यात भरजरी पैठणीसुद्धा शिफॉनसारखी तरंगते. वजन सरळ काट्यावर ठेवून दाखवा.

राहिली खळ. कडक खळीची साडी दोन धुण्यांनंतर दुसरीच होते, हे नव्या मुलींना माहीत नसतं. मी त्याच मागावरची एक साडी स्वतः नेसते, दोनदा धुते आणि नव्या घडीशेजारी ठेवून दोन्ही चुरगाळून दाखवते. तेव्हापासून "फार कडक आहे" म्हणून साडी परत आलेली नाही. आता तक्रारी येतात त्या फॉल-पिकोच्या.