मेंदू पाहायचाय? मग गणित सोडू नका

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली. विज्ञानात ९४, गणितात ६८. आयआयटी मद्रासचा ‘धरणी’ हा मेंदूचा नकाशा पाहिल्यापासून तिला मेंदूवरच काम करायचंय. अकरावीत गणित सोडून नुसतं बायोलॉजी घेतलं तर चालेल ना? की डॉक्टरच व्हावं लागेल? – एक वडील, बार्शी

नमस्कार.

डॉक्टर व्हायलाच हवं असं नाही. गणित मात्र सोडू देऊ नका, आणि त्याचं कारण तिच्या आवडीतच आहे.

२०२४मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा दाखवला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेला. त्याचे पाच हजारांहून जास्त काप केले, प्रत्येक काप केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या दिसल्या. डेटा भरला १४ लाख जीबी! एवढं डोळ्यांनी कोण वाचणार? कुठला धागा कुठल्या पेशीचा, हे संगणकाला शिकवावं लागलं, आणि त्या शिकवण्याच्या मुळाशी गणितच आहे. चित्र काढणं आता जमू लागलंय. ते वाचणारी माणसं हवी आहेत.

बाकीचे विषयही लागतातच. २०१५मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात एड बॉयडन यांच्या गटाने डायपरमध्ये असतो तसा पाणी शोषणारा पदार्थ मेंदूच्या कापात भरून तो काप चहूबाजूंनी चौपटीहून जास्त फुगवला. मग साध्या मायक्रोस्कोपलाही बारकावे दिसू लागले. ही रसायनशास्त्राची करामत. मला ही फार आवडते.

म्हणून अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असे चारही विषय घ्या. नीटचा, म्हणजे डॉक्टरकीचा, रस्ता उघडाच राहतो, शिवाय पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधन संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) करता येतो. तिथल्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांवर प्रश्न असतात. पुढे पीएचडीला आणखी पाच-सहा वर्षं जातात, हे आताच मनात धरा. पण त्या काळात फेलोशिप मिळते, घरावर भार पडत नाही.

६८ गुणांनी घाबरू नका. बीजगणितात गेले की भूमितीत, हे आधी दोन्ही प्रश्नपत्रिका घेऊन तिच्याजवळ बसून पाहा. बीजगणित कच्चं असेल तर कॉलेज सुरू होण्याआधीचे हे दोन महिने त्यालाच द्या.